भुताचं जादा तिकीट

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या ठरावीक संध्याकाळी सहाच्या सुमारास माणसांच्या दोन जाती पडतात. ज्यांच्या मनगटावर पट्टा आहे ते, आणि ज्यांच्या मनगटावर नुसतंच घड्याळ आहे ते. पट्टेवाल्यांनी थांबायचं, घड्याळवाल्यांनी घरी जायचं. कुणी हाकलत नाही. डिस्नेत हाकलण्याची पद्धतच नाही. जागोजागी हसतमुख कर्मचारी उभे असतात, आणि तुम्ही एखाद्या राइडकडे वळलात की ‘आपला पट्टा?’ असं इतक्या गोड आवाजात विचारतात, की सकाळी दीड-पावणेदोनशे डॉलर मोजून आत आलेल्या गृहस्थालाही आपण फुकटे घुसलोय असं वाटायला लागतं. मग तो ओशाळून पोराबाळांसकट दाराकडे निघतो. दाराकडे जाणारा रस्ता दुतर्फा दुकानांचा आहे, हे सांगायला नकोच.

बागेतल्या बागेत, त्याच दिवशी, तेच पाळणे दुसऱ्यांदा विकण्याच्या या सोहळ्याचं नाव ‘मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोवीन पार्टी’. 1995 साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा 31 ऑक्टोबरच्या एका रात्रीत आटपली होती. 2025 साली ती 15 ऑगस्टला सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे झेंडावंदन करून लोक जिलबी खात होते तेव्हा तिकडे भोपळे टांगून झाले होते. त्या वर्षी तिकीट माणशी 119 डॉलरपासून खुद्द हॅलोवीनच्या रात्री 229 डॉलरपर्यंत. आणि ऑगस्टातला फ्लोरिडा म्हणजे अंगातून नुसत्या धारा. त्या उकाड्यात तीन वर्षांच्या पोराला अस्वलाचा केसाळ पोशाख घालून रांगेत उभं करणाऱ्या आईबापांचे चेहरे पाहिले, की या पार्टीत फारशी भीती नाही हा डिस्नेचा दावा मला पटत नाही.

आम्ही टँपाच्या बाजूला राहणारी मराठी माणसं. ऑर्लँडो आम्हाला गाडीने दीड-दोन तासांवर. त्यामुळे सप्टेंबर लागला की न्यू जर्सीपासून नाशिकपर्यंतच्या आप्तांचे फोन सुरू होतात. ‘तुम्ही तिथलेच. खरं सांगा, ते भुताचं जादा तिकीट काढावं की नाही?’ जणू आम्ही ऑफिसातून सुटलो की रोज संध्याकाळी भुतांकडेच जातो. पण इतक्या पाहुण्यांना इतक्या वेळा तिथे पोचवून आणि तिथून उचलून माझं एक मत तयार झालं आहे. ते असं, की या सगळ्या धंद्यात भीतीला फारसा भाव नाही. भाव आहे रांगेला. डिस्नेवाला तुमच्याकडून पैसे घेतो ते रांग नसण्याचे. ऑर्लँडोतल्या दुसऱ्या बागेचा युनिव्हर्सलवाला आधी रांगेत उभं राहण्याचे घेतो आणि मग त्या रांगेतून सुटण्याचे वेगळे.

हा उद्योग मुळात सुरू झाला तो मात्र बराच साधेपणाने. कॅलिफोर्नियात ब्वेना पार्कला वॉल्टर नॉट नावाचे एक शेतकरी रस्त्याकडेला फळं विकत. 1934 साली त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी लग्नात आलेल्या चिनीमातीच्या ताटांतून तळलेल्या कोंबडीचं जेवण विकायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी आठ ताटं गेली. पुढे जेवणासाठी रांगा इतक्या वाढल्या, की ताटकळलेल्या लोकांच्या करमणुकीसाठी नॉटसाहेबांनी जुनं ओसाड गाव उभारलं, मग त्यात आगगाडी आली, पाळणे आले. म्हणजे रांग आधी, बाग नंतर. 1973 च्या ऑक्टोबरात, हॅलोवीनच्या निमित्ताने तीन रात्री, कर्मचाऱ्यांना मुखवटे घालून त्या ओसाड गावात सोडून दिलं आणि लोक तुटून पडले. आज तिथे भुतं गुडघ्यांना पत्रे बांधून धावत येतात आणि रस्त्यावर घसरत, ठिणग्या उडवत थेट तुमच्या पायाशी येऊन थांबतात. मागच्या पिढीत ज्या घरची सून पाहुण्यांना वाढत होती, त्या घराला भुतांनी जास्त मिळवून दिलं असावं असा मला संशय आहे.

1973 म्हटलं की पुणेकराच्या डोक्यात लगेच 1773 येतं. 30 ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून रात्री-अपरात्री ऐकू येते असं निम्मं पुणं सांगतं. युनिव्हर्सलचा भुतांचा हंगाम 2024 साली सुरू झाला तोही नेमका 30 ऑगस्टलाच. ऑर्लँडोवाल्यांकडे असा पत्ता, अशी तारीख आणि असा संवाद असता तर त्यांनी काय केलं असतं याची कल्पना करून पाहा. आपण वाड्याचं दार संध्याकाळी बंद करतो. म्हणजे ऐन कामाच्या वेळी भूत आत आणि गिऱ्हाईक बाहेर.

असो. डिस्नेकडे वळू.

डिस्नेच्या पार्टीत खरोखर विकत मिळते ती मोकळी जागा. तिकिटं मोजून विकतात, त्यामुळे सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला दिवसा जिथे तासाहून जास्त ताटकळावं लागतं तिथे रात्री उशिरा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात नंबर लागतो. सप्टेंबरच्या मधल्या वारी गेलात तर हे खूपच खरं, ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर जरा कमी खरं. शिवाय मिरवणूक आहे. तिच्या आधी हातात पेटता भोपळा घेतलेला बिनमुंडक्याचा स्वार घोडा दौडवत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि ते दृश्य, मी कितीही कुजकट लिहिलं तरी, फार सुरेख असतं. रस्ता ओला असला तर घोडा घसरेल म्हणून स्वार येत नाही. फ्लोरिडात सप्टेंबरात रस्ता कोरडा सापडणं हा नशिबाचा भाग. मागून कबरी खणणारे येतात, फावडी रस्त्यावर घासून ठिणग्या काढतात. ही मिरवणूक रात्रीतून दोनदा निघते. पहिलीला गर्दी फार, दुसरीला जागा हवी तेवढी, कारण जिच्यासाठी तिकीट काढलं ती पिढी तोवर बाबागाडीत तोंड उघडं टाकून झोपलेली असते.

आणि चॉकलेटं. बागेत ठिकठिकाणी गोळ्या-चॉकलेटं वाटणारे उभे असतात. पिशवी पुढे केली की ओंजळभर टाकतात, कितीही वेळा गेलात तरी टाकतात, आणि मोठ्या माणसांनाही टाकतात. ही शेवटची माहिती आमच्या मामांना कळायला नको होती.

मामा बँकेतून निवृत्त झालेले. तिकिटाचा आकडा ऐकून गाडीत ते काहीच बोलले नव्हते, आणि मामा काही बोलत नाहीत तेव्हा हिशेब चालू असतो. आत शिरल्यावर त्यांनी राइडकडे, किल्ल्याकडे, आतषबाजीकडे ढुंकून पाहिलं नाही. चॉकलेटांची एक ओंजळ घ्यायची, वळसा घालून पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला लागायचं. तिसऱ्या फेरीला वाटणाऱ्या मुलीने त्यांना ‘हॅपी हॅलोवीन’ म्हटलं, पाचव्या फेरीला ‘वेलकम बॅक’ म्हटलं. मध्यरात्री घरी आल्यावर मामांनी बॅगेतून तो आकडा असलेला छोटा वजनकाटा काढला. इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीयाच्या सामानात तो असतो, तेवीस किलोच्या वर बॅग गेली तर विमानतळावर उघडायला लागू नये म्हणून. त्याला एकेक पिशवी अडकवून, डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी आकडे वाचले. चार पिशव्या मिळून साडेसात किलो. तिकिटं चौघांची सहाशे डॉलर.

“किलोला ऐंशी डॉलर पडले,” मामा म्हणाले. “चितळ्यांची काजूकतली स्वस्त पडली असती.”

पण लगेच त्यांचा चेहरा उजळला. भारतात परत जाताना भाचे, शेजारी, सोसायटीचा चेअरमन, सगळ्यांसाठी चॉकलेटं न्यावीच लागतात. ती खरेदी वाचली होती. हे एक मी नोंदवून ठेवलं आहे: परतीचं तिकीट जवळ आलेल्या माणसाला डिस्नेची पार्टी इतरांपेक्षा स्वस्त पडते.

युनिव्हर्सलचं ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ हे प्रकरण निराळं. लहान मुलांना नेऊ नये असं तेच सांगतात. 1991 साली ‘फ्राइट नाइट्स’ नावाने मोजक्या रात्री झालं, पुढच्याच वर्षी आजचं नाव पडलं. 2025 साली अठ्ठेचाळीस रात्री चाललं. आपल्याकडे पितरसुद्धा पंधरवडाभर येतात, पान वाढलं की कावळ्याच्या रूपाने दोन घास खातात आणि जातात. इथल्या भुतांचा मुक्काम भाद्रपद, आश्विन ओलांडून दिवाळीला पोचतो. आत येणाऱ्यांनी वेषांतर करायचं नाही, मुखवटा घालायचा नाही असा नियम आहे. गिऱ्हा कोण आणि गिऱ्हाईक कोण हे ओळखू यायला हवं. सलाईनच्या पिशवीतून लालभडक दारू मिळते. ती पिशवी गळ्यात अडकवून हिंडणारी तरणीताठी मुलं पाहून मामींनी आधी फार हळहळ व्यक्त केली होती.

2024 साली तिकीट ऐंशी-पंच्याऐंशी डॉलरपासून सुरू झालं होतं, आणि शनिवारी ते कुठच्या कुठे जातं. त्यात दहा भुताटकीची घरं. वेळ साडेसहा ते दोन. आता गणित मांडा. ऑक्टोबरच्या शनिवारी गाजलेल्या सिनेमावरच्या घरासमोर रांग दीड-दोन तासांची, आणि घरातून चालत बाहेर पडायला लागतात तीन-चार मिनिटं. साडेसात तासांत दहा घरं होत नाहीत. पाच झाली तर मित्रांना फोन करून सांगावं. उरलेली पाच हवी असतील तर ‘एक्स्प्रेस’ पास घ्यावा लागतो आणि तो बहुतेक रात्री मूळ तिकिटापेक्षा महाग असतो. ही व्यवस्था भारतातून येणाऱ्या सुशिक्षित लोकांना समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. मामांनी ती एका वाक्यात निकालात काढली. “म्हणजे त्र्यंबकेश्वरचं दोनशे रुपयांचं दर्शन,” ते म्हणाले. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो. गाभाऱ्यातला वेळसुद्धा साधारण तेवढाच मिळतो आणि पुजाऱ्यासारखा एक माणूस हातात बॅटरी घेऊन ‘चला, पुढे चला’ म्हणत असतोच.

आत नेमकं काय होतं हे नीट सांगायला हवं, कारण पैसे त्याचेच आहेत. अंधारा, अरुंद, नागमोडी रस्ता. वास बाटलीतून आणलेले: कुबट तळघराचा, जळक्याचा, कुजक्याचा. तंत्र ठरलेलं आहे. डाव्या हाताला एक बाहुलं ठेवतात, त्यावर दिवा लकलकतो, तुम्ही तिकडे पाहता आणि उजवीकडच्या काळ्या पडद्याआडून जिवंत माणूस ओरडत अंगावर येतो. अंगाला हात लावायचा नाही हा नियम तो पाळतो. हे काम इतकं घशाचं आणि गुडघ्यांचं आहे, की पाळीपाळीने माणसं बदलतात. पण त्या भुताची खरी अडचण निराळी आहे. पूर्वीसारखी चार-चार माणसं सोडली असती तर त्याला नेम धरता आला असता. इथे एकाच्या मागे एक अखंड माळ चाललेली. भूत बाहेर येतं ते तुमच्या पुढच्या बाईसाठी. ती किंचाळते. तुम्ही तिथे पोचता तेव्हा भूत पाठमोरं होऊन, सुरा बगलेत मारून, पडदा सारखा करत आपल्या खोपच्यात परतत असतं. तुमच्या मागच्याला पुन्हा दर्शन. तुम्हाला संपूर्ण घरभर पाठच. मी अशी काही घरं पाहिली आहेत ज्यांतल्या एकाही भुताचा चेहरा मला सांगता येणार नाही, पण त्यांच्या शर्टांची शिवण तोंडपाठ आहे.

यावर उपाय एकच. पुढच्या गटापासून थोडं अंतर राखायचं, रेंगाळायचं. बॅटरीवाला ओरडतो, ओरडू द्यावं. आणि सिनेमाच्या नावावर जाऊ नये. नावाजलेल्या घरांपुढे सगळं गाव लोटतं. ज्या घरांना सिनेमाचं पाठबळ नाही, तिथल्याच कारागिरांनी स्वतः गोष्ट रचून बांधली आहेत, ती पुष्कळदा जास्त भीतीदायक निघतात आणि रांगही लहान असते. ज्यांच्याकडे त्या दिवसाचंही तिकीट आहे त्यांना दिवसाची बाग बंद झाल्यावर आतच एका बाजूला थांबवून ठेवतात आणि काही घरं त्यांना आधी उघडतात. पहिल्या तासाभरात होतं ते काम नंतर तीन तासांत होत नाही.

सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्येही हा प्रकार 2011 पासून आहे. केसरी-वीणाच्या सहलींतून सिंगापूरला जाणाऱ्यांना माझी शिफारस त्याचीच, कारण तिथे पाश्चात्त्य भुतांबरोबर कधी कधी पोंतियानाकही भेटते. बाळंतपणात गेलेली, केस सोडलेली, पांढऱ्या कपड्यातली बाई. म्हणजे आपल्या अळवंतीची थेट मलायी बहीण. सूट घातलेल्या ड्रॅक्युलाला कोकणातला माणूस भीत नाही. पण केस सोडलेली बाई दिसली की एमबीए झालेला माणूसही मनातल्या मनात रामरक्षा सुरू करतो.

ऑर्लँडोत घरांच्या मधल्या रस्त्यांवरही भुतं मोकळी सोडलेली असतात. तिथे रांग नाही, पास नाही. साखळी काढलेल्या करवती हातात घेऊन, इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज करत ती गर्दीत घुसतात. कुणावर जायचं हे त्यांना अचूक कळतं. मैत्रिणीच्या दंडाला धरून चालणारी मुलगी, ‘मला काही वाटत नाही’ असा चेहरा केलेला तिचा मित्र. त्या मित्राला तर ती सोडतच नाहीत. मामी गुडघ्यांमुळे कुठल्याच घरात गेल्या नाहीत, तिथल्याच एका बाकावर बसल्या. मांडीवर पर्स, पर्समध्ये चिवड्याची पुडी. तास-दोन तास त्या लोकांना घाबरताना पाहत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. शेवटी करवतवाल्याचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. तो आला, वाकला, त्यांच्या चेहऱ्यापासून हातभरावर करवत धरून त्याने इंजिन पूर्ण पिळलं. मामींनी शांतपणे कानाला हात नेला आणि श्रवणयंत्र बंद केलं. भूत क्षणभर तसंच राहिलं. मग त्याने करवत खाली घेतली, मान लववली आणि दुसरं गिऱ्हाईक बघायला निघून गेलं.

पैसे सगळ्यांत जास्त कुणाचे वसूल झाले असतील तर मामींचे. त्यामुळे मी आता विचारणाऱ्यांना सरळ सांगतो. भीती हवी असेल तर सप्टेंबरातल्या बुधवारी युनिव्हर्सलला जा आणि एक्स्प्रेस घेऊ नका. शनिवारीच जमत असेल तर एक्स्प्रेससकट परवडतंय का ते पाहा, नाही तर जाऊच नका, कारण नुसत्या तिकिटात तुम्ही दुसऱ्यांच्या पाठी पाहून परत याल. मुलं दहाच्या आतली असतील तर डिस्ने, पण त्या दिवशी दिवसाचं तिकीट काढू नका. पार्टीच्या तिकिटावर दुपारी चारलाच आत सोडतात. आणि आकाशाकडे बघून जा. 2024 च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ आलं तेव्हा दोन्ही बागा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. खऱ्या भीतीचा तेवढा एकच कार्यक्रम इथे विनातिकीट होतो.

एवढं सांगूनही लोक ऐन हॅलोवीनच्या आठवड्यातलंच तिकीट काढतात, आणि नेमकी तेव्हाच कधी कधी आमच्या मराठी मंडळाची दिवाळी येते. गेल्या बैठकीत दिवाळीचं तिकीट पस्तीस डॉलर ठेवल्याचं जाहीर झालं तसा हॉलमध्ये एकच गलका उठला. पस्तीस म्हणजे फार झाले, पाच वर्षांखालच्यांना फुकट हवं, श्रीखंड घरचं की विकतचं, आदल्या वर्षी भजी संपली होती त्याचं काय. सगळ्यांत मोठा आवाज ज्यांचा होता त्यांनी आदल्याच शनिवारी चौघांसाठी एक्स्प्रेससकट भुतं पाहिली होती.

“पस्तीस डॉलरमध्ये एवढं आहे तरी काय?” त्यांनी विचारलं.

“नाटक आहे, जेवण आहे,” खजिनदार म्हणाले, “आणि जेवणाला पाऊण तासाची रांग आहे. ती नको असेल तर आणखी पन्नास द्या.”

तीन जणांनी तिथल्या तिथे पाकीट काढलं.